तारणाची खात्री वचनातून कशी मिळवावी: वाचनाचा क्रम, वहीतली नोंद आणि जिथे माणूस अडतो त्या जागा

“माझं तारण खरंच झालंय का?”, म्हणजे ख्रिस्तामुळे माझ्या पापांची क्षमा होऊन मी वाचलोय का, हा प्रश्न उपासनेत उभं राहून कुणी विचारत नाही. मयतीहून परतताना, ऑपरेशनच्या आदल्या रात्री किंवा हातून काही वाईट घडल्यावर तो मनात उठतो आणि मग महिनोन् महिने तिथेच राहतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तो दोन तऱ्हांनी ऐकू येतो. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात काम सुरू केलं. ज्या घरांत तेव्हापासून किंवा त्यानंतरच्या काळात विश्वास आला, त्या घरांतली नातवंडं-पतवंडं म्हणतात, “आमचे आजोबा विश्वासणारे होते, पण माझं काय?” जे स्वतःच पहिल्या पिढीत प्रभूकडे आले त्यांच्या मनात वेगळं असतं: “घरावर संकट आलं की भाऊबंद म्हणतात, देव सोडलास म्हणून झालं. त्यांचं खरं असेल तर?” या दोघांनाही उपयोगी पडेल असा रस्ता इथे दिला आहे.

त्यात एका गोष्टीवर आमचा सगळा भर आहे आणि ती म्हणजे क्रम. आधी ख्रिस्ताची अभिवचनं वाचायची, मग स्वतःची परीक्षा करायची. बहुतेक जण उलट करतात. आधी स्वतःच्या मनात डोकावतात, तिथे प्रार्थनेचा आळस, राग आणि जुनी सवय दिसते, मग अभिवचन उघडलं तरी ते “माझ्यासाठी नाही” असंच वाटत राहतं. क्रम चुकल्यामुळे खचलेली माणसं आपल्या मंडळ्यांत खूप आहेत.

आधी जमवाजमव

एक कागदी पवित्र शास्त्र घ्या. फोनवरचं वाचायला हरकत नाही, पण या कामासाठी कागदच बरा, कारण त्यावर ओळीच्या आधीचं आणि नंतरचं एकाच नजरेत दिसतं. फोनवर सुटं वचन दिसतं आणि निम्मे गैरसमज सुट्या वचनातूनच होतात. बायबल सोसायटीचं प्रचलित भाषांतर मुख्य ठेवा आणि भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं शेजारी ठेवा. मुलं कन्नड शाळेत शिकलेली असतील आणि त्यांना मराठी वाचताना अडखळायला होत असेल, तर त्यांच्या हाती कन्नड बायबल द्या. अध्याय आणि वचनांचे आकडे जुळतात, त्यामुळे एकत्र बसता येतं.

शंभर पानी वही, पेन आणि दिवसाला पंचवीस मिनिटं एवढं पुरे. वेळ ठरवताना स्वतःला फसवू नका. खानापूरकडे भाताच्या लावणीत किंवा चिकोडी-अथणीकडे ऊस तुटायला लागल्यावर पहाटेचा संकल्प टिकत नाही. त्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतरची वेळ धरा. संपूर्ण क्रमाला साधारण सहा आठवडे लागतात: एकवीस दिवस योहानाचं शुभवर्तमान, दहा दिवस रोमकरांस पत्र, अकरा दिवस योहानाचं पहिलं पत्र.

पायरी पहिली: शंकेला नाव द्या

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: “मला खात्री वाटत नाही, कारण…” पुढचं खरं खरं लिहा. वाक्य पूर्ण झालं की शंका कुठल्या जातीची आहे ते कळतं, आणि प्रत्येकीवर इलाज वेगळा आहे.

“कारण मी अमुक पाप केलं” असं आलं, तर तुमचं पहिलं काम कबुलीचं आहे. त्याची पायरी पुढे आहे. “कारण मला काही जाणवत नाही” असं आलं, तर भावना आणि अभिवचन यांची गल्लत झाली आहे. योहान आणि रोमकर तुमच्यासाठी. “कारण हे सगळं घडलं होतं का, हेच ठाऊक नाही” ही शंका येशूबद्दलची आहे. तिच्यावर “विश्वास ठेव” म्हणून भागत नाही. लूक १:१–४, १ करिंथ १५:३–८ आणि योहान २०:२४–३१ वाचा आणि साक्षीदार कोण होते, त्यांनी काय पाहिलं, याची यादी करा. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला प्रभूने हाकलून दिलं नाही. तुरुंगातून “येणारा तो तूच का?” असं विचारणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाही नाही. मत्तय ११:२–६ मध्ये त्याला उत्तर म्हणून घडलेल्या गोष्टी सांगितल्या आहेत.

“कारण आजार बरा होत नाही, प्रार्थना ऐकली जात नाही” असं वाक्य आलं, तर योहान ९:१–३ आणि २ करिंथ १२:७–९ आधी वाचा. जन्मांध माणसाचं अंधत्व त्याच्या किंवा आईबापाच्या पापामुळे नव्हतं असं प्रभूने स्वतः सांगितलं. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे एक त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली तरी तो निघाला नाही, कृपा मात्र मिळाली. घरप्रार्थनेत कुणी आजाऱ्याला “तुझा विश्वास कमी पडला” म्हणत असेल, तर हे दोन उतारे तिथेच मोठ्याने वाचायला हवेत. असल्या बोलण्याने आजारी माणसावर दुसरं ओझं चढतं.

आणि कधी वाक्य असं येतं: “कारण मी कधी खरोखर प्रभूकडे आलोच नाही, घरचं म्हणून चर्चला जातो.” हे लिहिताना हात थरथरतो, पण एवढं प्रामाणिक वाक्य लिहिणारा माणूस दाराजवळच उभा असतो. रोमकर १०:९–१३ वाचा आणि तिथे लिहिलंय तेच करा: तोंडाने कबूल करा, अंतःकरणात विश्वास ठेवा, त्याला हाक मारा. त्यासाठी ठराविक शब्दांची प्रार्थना शास्त्रात कुठे दिलेली नाही.

पायरी दुसरी: योहान, एकवीस दिवस

रोज एक अध्याय, मोठ्याने. वहीत पानाचे तीन भाग करा: येशू स्वतःविषयी काय म्हणतो, तो काय देऊ करतो, आणि ते कुणाला. तिसऱ्या भागात तुमची अपेक्षा काही असो, जे लिहिलंय तेवढंच उतरवा. ‘विश्वास ठेवणारा’, ‘येणारा’, ‘तान्हेला’, ‘ऐकणारा’ असे शब्द जमत जातील. ‘ज्याला फार आनंद वाटतो तो’ किंवा ‘ज्याच्या हातून पुन्हा कधी पाप घडत नाही तो’ असं एकदाही येत नाही, हे एकवीस दिवसांनी स्वतःच्याच अक्षरात दिसतं. त्या दिसण्याला मोल आहे. दुसऱ्याने सांगितलेलं विसरतं.

पाचव्या दिवशी ५:२४ वर थांबा. त्या दिवशी दुसरं काही नको. हे वचन तीन तुकड्यांत लिहा. जो माझं वचन ऐकतो आणि मला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याला सार्वकालिक जीवन मिळालं आहे. त्याच्यावर न्यायाचा प्रसंग येणार नाही. तो मरणातून जीवनात पार गेला आहे. आता प्रत्येक तुकड्यासमोर लिहा: हे झालेलं आहे, की व्हायचं आहे? पहिलं झालेलं, मधलं पुढच्या काळाबद्दलचं आश्वासन, तिसरं पुन्हा झालेलं. विश्वास ठेवणाऱ्याने मरणानंतर निकालाची वाट बघत बसावं असं या वाक्यात कुठेच नाही. मग वरती पाहा: हे कोण बोलतंय? ५:२२ प्रमाणे ज्याच्या हाती सगळा न्याय सोपवला आहे, तोच. न्याय करणाराच सांगतोय, तर आपल्या मनाच्या तक्रारीला त्याच्या शब्दापेक्षा वरचं स्थान द्यायचं का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

इथे एक गोष्ट जमिनीच्या उताऱ्यावरून पटकन ध्यानात येते. नाव चढलेलं आहे की नाही ते उताऱ्यात बघतात, मालकाला आज कसं वाटतंय यावरून ठरवत नाहीत.

सहाव्या दिवशी ६:३७ (जो माझ्याकडे येतो त्याला मी कधीच घालवून देणार नाही) आणि दहाव्या दिवशी १०:२७–२९ (माझ्या हातून त्यांना कुणी हिसकून घेणार नाही) अधोरेखित करा. ही तीन वचनं पुढे पाठ करायची आहेत.

इथे लोक अडतात ते अकराव्या-बाराव्या दिवशी, खाडा पडल्यावर. राहिलेले तीन अध्याय एका बैठकीत उरकू नका. राहिलं तिथून रोज एक, एवढंच.

पायरी तिसरी: रोमकर, दहा दिवस

सबंध पत्र आत्ता नको. वाटणी अशी: ३:२१–३१, ४:१–१२, ४:१३–२५, ५:१–११, ५:१२–२१, ६:१–१४, ७:१४–२५, ८:१–१७, ८:१८–३०, ८:३१–३९. योहानाने ‘काय’ सांगितलं, पौल ‘कशाच्या आधारावर’ ते सांगतो. रोजच्या नोंदीला एकच प्रश्न: आज वाचलेल्यात देवाने काय केलं, आणि माणसाने काय केलं? दोन रकाने भरा. चौथ्या अध्यायातला अब्राहाम आणि पाचव्यातलं “आपण पापी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला” हे लिहून झालं की डावा रकाना भरून वाहतो आणि उजव्यात ‘विश्वास ठेवला’ एवढंच उरतं.

सातवा अध्याय वगळू नका. “जे करू नये तेच करतो” असं ओरडणारा माणूस त्यात आहे, आणि त्याला लागूनच ८:१ येतं: ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही. दोन्ही एका बैठकीत मोठ्याने वाचा. मधल्या अध्यायाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका, ती विभागणी पुष्कळ नंतरची आहे.

बेळगावच्या मेथडिस्ट मंडळ्यांना हे ठाऊक असायला हवं: मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली पाळकाचं काम कित्येक वर्षं करत असूनही त्याला ही खात्री नव्हती. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना कुणी वाचत होतं. ती ऐकताना, ख्रिस्ताने माझी, माझीच पापं दूर केली, याचा भरवसा त्याला मिळाला. नंतरही त्याला शंका आल्या. त्याने त्या रोजनिशीत लिहून ठेवल्या आहेत.

पायरी चौथी: योहानाचं पहिलं पत्र, आणि आता परीक्षा

हे पत्र खात्रीसाठीच लिहिलं आहे. ५:१३ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय: तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. पाच अध्याय, १०५ वचनं. पहिल्या दिवशी सबंध पत्र एका बैठकीत वाचा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुढचे दिवस अर्धा अर्धा अध्याय.

त्यात तीन खुणा फिरून फिरून येतात. येशू हाच देहधारी झालेला ख्रिस्त असं तुम्ही मानता का (४:२, ५:१)? त्याच्या आज्ञा पाळण्याकडे तुमचा कल आहे का (२:३–६)? भावाबहिणींवर प्रीती करता का, तीही हातून आणि पैशातून दिसणारी (३:१४–१८)? प्रत्येकीसमोर गेल्या महिन्यातली एक घडलेली गोष्ट लिहा. ‘मी प्रेमळ आहे’ असं नको. ‘शेजारच्या म्हातारीला तीन दिवस डबा दिला’ किंवा ‘भावाशी वाटणीवरून बोलणं टाकलंय, आठ महिने झाले’ असं लिहा. दुसऱ्या प्रकारची नोंद आली तर ती खोडू नका, ती पुढच्या पायरीला लागेल.

या पत्रात दोन ठिकाणी पाय घसरतो. ३:६ आणि ३:९ मध्ये देवापासून जन्मलेला पाप करत नाही असं आहे. ते वाचून संवेदनशील माणूस हताश होतो. पण त्याच लेखकाने १:८ मध्ये, आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो, असं लिहिलंय आणि २:१ मध्ये, कुणी पाप केलंच तर पित्याजवळ येशू ख्रिस्त आपला कैवारी आहे, असं. तिसऱ्या अध्यायात बोलणं आहे ते पापातच घर करून राहण्याबद्दल. पडून उठणारा आणि चिखलात खुशीने बसून राहणारा यांत फरक आहे. तुम्हाला पापाचा त्रास होतोय, हीच जिवंतपणाची एक खूण धरा.

दुसरी जागा ३:१९–२०. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे, असं तिथे म्हटलंय. ‘सगळं ठाऊक आहे’ याची भीती वाटते खरी. पण योहान ते धीर देण्यासाठी लिहितो: तुमच्यात जे थोडं खरं आहे तेही त्याला ठाऊक आहे.

पायरी पाचवी: कबुली, आणि जिथे देणं आहे तिथे देणं

‘प्रभू, माझी सर्व पापं क्षमा कर’ अशी ठोकळ प्रार्थना केली की मन मोकळं होत नाही. पापाला त्याच्या नावाने हाक मारा. १ योहान १:९ समोर उघडं ठेवा आणि एकदाच, नीट, सांगा. मग तारीख लिहा आणि खाली लिहा: क्षमा झाली, १ योहान १:९. उद्या तेच पाप पुन्हा आठवलं तर पुन्हा क्षमा मागू नका, त्या तारखेकडे बघून आभार माना. तेच पाप शंभर वेळा कबूल केल्याने विश्वास वाढत नाही, भीती वाढते.

ज्यात दुसऱ्याचं नुकसान आहे तिथे पुढचं पाऊल आहे. जक्कयाने चौपट परत केलं (लूक १९:८). दुकानदाराची उधारी, बांधावरून सरकवलेला दगड, बहिणीच्या हिश्शाची सही फसवून घेतलेली असेल तर ते मिटवायला लागा. ते मिटवून तारण विकत मिळत नाही. पण ते तसंच ठेवून शांती मागितली तर मन ऐकत नाही, आणि बरोबरच ऐकत नाही.

धाक घालणारे उतारे

चार उतारे विश्वासणाऱ्यांना सर्वांत जास्त घाबरवतात. ते टाळू नका, पण योहान आणि रोमकर झाल्यावरच उघडा.

इब्री ६:४–६ वाचाल तर ६:९ पर्यंत वाचा. इतका कडक इशारा दिल्यावर लेखक लगेच म्हणतो, प्रियजनहो, तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्याची खात्री आहे. इब्री १०:२६ वाचाल तर १०:१९–२२ आणि १०:३९ सोडू नका. ज्यांना हे इशारे दिले आहेत ते ख्रिस्ताला टाकून मागे फिरण्याच्या बेतात होते. “माझ्याकडून ख्रिस्त सुटेल का” म्हणून रडणारा माणूस वेगळा.

मत्तय ७:२१–२३ मध्ये ‘मला तुमची कधी ओळख नव्हती’ असं ऐकणाऱ्यांचं बोलणं तपासा. ते संदेश, भुतं काढणं, चमत्कार पुढे करतात आणि प्रभू त्यांना अनाचार करणारे म्हणतो. स्वतःच्या कर्तबगारीवर भिस्त होती आणि जीवन बेबंद होतं. मत्तय १२:३१–३२ मधलं पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप वाचताना २२ व्या वचनापासून सुरुवात करा. डोळ्यांदेखत झालेलं आत्म्याचं काम परूशांनी जाणूनबुजून सैतानाचं ठरवलं. मनात नको तो विचार येऊन गेला आणि त्याने जीव कासावीस झाला, याचा त्या पापाशी संबंध नाही.

या प्रश्नावर मंडळ्यांची शिकवण एक नाही, हेही सांगायला हवं. मेथडिस्ट परंपरेत आत्म्याची साक्ष आणि खात्री यांवर भर आहे, पण मागे फिरण्याचा धोका खरा मानतात. सुधारित परंपरेतल्या मंडळ्या म्हणतात की देवाने धरलेला शेवटपर्यंत टिकतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली सांगितलं की खास प्रकटीकरणाशिवाय आपण शेवटपर्यंत टिकूच असं निरपवादपणे म्हणू नये, आशा मात्र देवाच्या मदतीवर घट्ट ठेवावी. घरात सून कॅथलिक आणि सासरे मेथडिस्ट असतील तर हा वाद जेवताना काढू नका. येणाऱ्याला ख्रिस्त घालवून देत नाही, हे तिघांनाही मान्य आहे. वाचन तिथून सुरू करा.

पाठांतर

आठवड्याला एक, आठ आठवड्यांत आठ: योहान ५:२४, ६:३७, १०:२८, रोमकर ५:१, ८:१, ८:३८–३९, १ योहान १:९, ५:१३. संदर्भ आधी म्हणायचा, मग वचन, मग पुन्हा संदर्भ. चिठ्ठी करून निपाणी–बेळगाव बसमध्ये किंवा विड्या वळताना समोर ठेवा. ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात हिशेब करता त्याच भाषेत पाठ करा. रात्री दोनला जाग आल्यावर तीच भाषा हाताशी असते.

एकट्याने ओढू नका

तिसऱ्या आठवड्यात वही घेऊन पाळकांना किंवा फादरना भेटा. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणून परतू नका. पहिल्या पानावरचं वाक्य दाखवा आणि विचारा: माझ्यात तुम्हाला ख्रिस्ताचं काही काम दिसतं का? स्वतःला न दिसणारं फळ दुसऱ्याला दिसतं. प्रभुभोजनाला लायक नाही म्हणून मागच्या बाकावर बसून राहण्याची सवय अनेकांना आहे. पाप धरून ठेवायचं असेल तर थांबणं ठीक, पण सोडायचं असेल तर ते मेज तुमच्याचसाठी आहे.

आणि शंका जर झोप, भूक, काम सगळं खाऊन बसली असेल, एकच विचार दिवसातून पन्नासदा येऊन पुन्हा पुन्हा प्रार्थना केल्याशिवाय राहवत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. १ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी भाकर, पाणी आणि झोप दिली, बोलणं नंतर. धारवाडला मानसिक आरोग्याची डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट लागतो. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

शंका परत आली तर

येईल. स्तोत्रसंहितेत १३, ४२, ७७ ही स्तोत्रं तिच्याचसाठी आहेत, आणि ८८ वं तर अंधारातच संपतं, तरीही ते देवालाच उद्देशून म्हटलेलं आहे. अशा दिवशी सहा आठवड्यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. वहीतली तीन पानं उघडा: योहान ५:२४ चे तीन तुकडे, रोमकरांचे दोन रकाने, कबुलीची तारीख. ती मोठ्याने वाचा. मग मार्क ९:२४ मधल्या बापाचं वाक्य स्वतःचं म्हणून म्हणा: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. त्या बापाचा विश्वास अर्धाच होता, तरी त्याचा मुलगा त्याच दिवशी बरा झाला. एवढं करून त्या दिवसाच्या कामाला लागा. आठवडाभरात ढग हटला नाही, तर वही काखेत मारून पुन्हा पाळकांकडे.